रिकामी गाडी न मोजणारे बाबालाल मिस्त्री

उद्यमनगरात जिथं बाबालाल मिस्त्रींचा कारखाना होता, तिथं आता गाड्यांना निळे दिवे आणि वाघाच्या डोळ्यांची स्टिकरं लावून देणारं दुकान आहे. परवा त्याच्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर उभा होतो. शेजारी एकजण मित्राला सांगत होता, "हितं आधी एक म्हातारा बसायचा. डोक्यानं अधूच हुता. दारात आलेलं गिऱ्हाईक हाकलायचा. मग काय, बुडाला धंदा."

माझं डोकंच फिरलं. "धंदा बुडाला न्हाई, माणूस गेला," मी म्हणालो. "आणि तुला हाकललंतं का कधी त्यानं?"

"न्हाई."

"मग गप चहा पी की."

तो बिचारा कप तसाच ठेवून गेला. त्याची काही चूक नव्हती. त्या म्हाताऱ्यानं हाकललेला माणूस मी होतो. ज्याच्यावर ओरडायला पाहिजे तो रोज आरशात दिसतो, पण त्याच्यावर ओरडून भागत नाही, म्हणून मी असा दुसऱ्यांवर खेकसत फिरतो. घरात सुनीता, माझी बायको, तर आता विचारतसुद्धा नाही की आज काय झालं.

बाबालाल मिस्त्री म्हणजे काटकुळा माणूस. खाकी पँट, वर बंडी, डोक्यावर जाळीची टोपी, तीही ग्रीसनं काळी पडलेली. कानावर खडू. गळ्यात शिंप्याची टेप. गाडीच्या कारखान्यात शिंप्याची टेप कशाला, असं नवा माणूस हमखास विचारायचा. मिस्त्री म्हणायचे, "लोखंडाला लोखंडी टेप हाय भिंतीवर. ही माणसाला." त्यांचे वडील ट्रकांचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, ठोकायचे; मिस्त्री जीप-मोटारींच्या स्प्रिंग आणि धक्के सोसणारे शॉक बघायचे. आवाज असा, की शेजारचं लेथ मशीन चालू असलं तरी मिस्त्री कुणाला शिव्या देतायत ते रस्त्यापलीकडं कळायचं. आणि शिव्या ते दिवसभर द्यायचे. पान्याला, नटाला, महापालिकेच्या खड्ड्यांना, दारात हॉर्न वाजवणाऱ्याला तर खासच. हॉर्न वाजला की हातातला पाना रिकाम्या पिंपावर आपटायचे आणि ओरडायचे, "तुज्या बाऽनं बहिरा करून जन्माला घातलं न्हाई मला!"

दुसरा कुठलाही मेकॅनिक आधी विचारतो, गाडी कुठली, मॉडेल कुठलं. मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मागं कोण बसतंय?"

त्यांची एक रीत होती. स्प्रिंग बदलायची असो, गाडी उचलायची असो, सगळ्या घरानं यायचं. बायको, पोरं, म्हातारी माणसं आणि गाडीतनं नेहमी जे काय नेता ते सामान. एकट्यानं रिकामी गाडी आणली की मिस्त्री तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. "रिकामी गाडी मी मोजत न्हाई. गाडी काय रिकामी फिरवायला घेतलीया व्हय?"

त्यामुळं भर दुपारी कारखान्यासमोर भलतंच दृश्य असायचं. गाडीत माणसं कोंबलेली, घामानं निथळतायत, कुणाच्या मांडीवर बाळ, डिकीत गुळाच्या ढेपा नाहीतर पेंडेची पोती, आणि मिस्त्री खाली उकिडवे बसून चाक आणि मडगार्डमधलं अंतर मोजतायत. मोजलं की खडूची रेघ. मग एकेकाला उतरवायचे आणि दर माणसामागं गाडी किती वर येते ते बघायचे. कागलचं एक कुटुंब तर पैलवान भावालाही घेऊन आलं होतं. तो उतरला तशी गाडी हुश्श करून वर आली. मिस्त्री म्हणाले, "ह्यो नेहमी कुठल्या बाजूला बसतोय? डावीकडं? मग डावी स्प्रिंग मेली ती ह्येच्यामुळं. पावणं, जरा जागा बदलून बसत जावा की." पैलवान लाजला आणि घरची माणसं हसून बेजार झाली.

त्यांच्या रागाला माणसाची पत कळत नव्हती, एवढंच खरं. एकदा मी तिथं असताना एक भावी नगरसेवक आले. गळ्यात साखळी, बरोबर मोबाईल धरलेले चारजण. गाडी पुढनं इतकी उचला म्हणाले, की मिरवणुकीत लांबनं दिसली पाहिजे. मिस्त्रींनी विचारलं, "मागं कोण बसतंय?"

"मागं पोरं बसतात. मी पुढं असतोय."

"आज तुमी मागं बसा."

साहेबांना मागं बसवून मिस्त्रींनी गाडी स्वतः घेतली आणि उद्यमनगरातल्या तीन गतिरोधकांवरनं अशी हाणली, की परत आल्यावर साहेब डोकं धरून उतरले. मिस्त्री म्हणाले, "तुमची पोरं रोज असं डोकं आपटून घेत्यात. आता अजून उचलू म्हंता?" साहेब चिडून म्हणाले, कारखान्याला परवाना आहे का ते बघतो. मिस्त्री म्हणाले, "बघा की. भिंतीवर टांगलाय. वाचता येतंय न्हवं?"

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. दुसऱ्याला बोलणी बसतात तेव्हा हसायला काय जातंय!

माझं कसबा बावड्यात पशुखाद्याचं दुकान आहे, मागं थोडी शेती. पुण्याच्या एका माणसाकडनं मी जुनी पण मोठी एसयूव्ही घेतली. तिला पुढं लोखंडी स्प्रिंग होत्या, पण मागं स्प्रिंगच्या जागी रबराचे दोन फुगे, हवेवर चालणारे. माणसं बसली, पोती भरली, की मागनं गाडी दबते. तिथं चाकाजवळ एक बोटभर दांडी असते, तिला ते कळतं, ती आत निरोप देते, मग पंप फुग्यात हवा भरतो आणि गाडी पुन्हा सरळ होते. मिस्त्रींनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा खूश झाले होते. "ही गाडी शहाणी हाय. आत किती माणसं बसली ते तिचं तिला कळतंय. आपल्याला कळत न्हाई."

उसाच्या हंगामात आमच्या शेताची वाट ट्रॉल्यांनी पार खणून निघते. गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं. म्हणून गाडी उचलायची होती. दीड इंचात काम भागलं असतं, हे मलाही कळत होतं. पण आमच्या गल्लीत एकाची गाडी माझ्यापेक्षा वीतभर उंच होती आणि तो ती मुद्दाम माझ्या गाडीला खेटून लावायचा. मला चार इंच पाहिजे होते. आता हे लिहितानासुद्धा कानफाटात मारून घ्यावीशी वाटते.

मिस्त्रींच्या रीतीप्रमाणं मी सुनीताला घेतलं, चुलत भावाला घेतलं, डिकीत पेंडेची चार पोती टाकली आणि गेलो. आईला घेतलं नाही. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. तिला मिस्त्रींनी बघितलं असतं तर चार इंच कधीच मिळाले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मिस्त्रींनी मापं घेतली, रेघा मारल्या, मग पिंपावर बसून सांगायला लागले. "हे बगा बावडेकर, तीन वाटा हैत. एक, मागचं फुगं काढून टाकायचं आणि लोखंडी स्प्रिंग घालायच्या. पोती भरली की बरी चालंल, रिकामी असली की गाढवागत लाथा घालंल. दुसरी वाट फुकटची हाय. ही दांडी आखूड करायची. मग गाडीला वाटतंय आपण खाली बसलोय, आणि ती हवा भरत राहत्या. चार इंच म्हंता तर चार इंच उचलंल. पण फुगा ताणून ताणून घडीवर चिरतोय. आणि गाडीला आपण जन्मभर खोटं सांगितल्यालं असतंय. ते मी करत न्हाई."

"आणि तिसरी?"

"पुढं दीड इंच उंच स्प्रिंग. मागं फुग्याखाली तेवढ्याच जाडीची चकती, दांडी त्या मापात. चारी शॉक लांबीचं. फुगा आपल्या मापात राहतोय, गाडी उठत्या, माणसं सुखानं बसत्यात."

"मला चार पाहिजेत, मिस्त्री."

ते उठले. गाडीत डोकावले. मग माझ्याकडं वळले. "घरात आई हाय न्हवं?"

"हाय की."

"मग कुठाय?"

"ती कुठं जात न्हाई आता. घरातच असत्या."

हे धडधडीत खोटं होतं. आई महिन्यातनं एकदा गडहिंग्लजला जायची, शांतामावशीकडं. शांतामावशी आईची धाकटी बहीण. त्यांची आई लवकर गेली, म्हणून आईनंच तिला कडेवर वाढवलेलं. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी आई तिची वेणी घालायची. डबा भरून न्यायची, दिवसभर बोलत बसायची, आणि परत येताना गाडीत मागच्या सीटवर एकटीच हसत असायची. महिनाभर तिला तेवढंच पुरायचं. सुनीता शेजारी उभी होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

मिस्त्री म्हणाले, "म्हातारं माणूस कुठंच जात न्हाई असं कधी झालंय व्हय? देवाला न्हाई? माह्यारला न्हाई? भनीकडं न्हाई?"

मला राग आला. खोटं पकडलं गेलं की येतो तो राग. "मिस्त्री, गाडी माझी हाय. आईला कुठं न्यायचं ते मी बघतो. तुमी उचलून द्या."

त्यांनी माझी किल्ली उचलली आणि आग विझवायच्या वाळूच्या बादलीत फेकली. "घे ती आणि चालायला लाग. रिकामी गाडी मी मोजत न्हाई, आणि अर्धं घर बी मोजत न्हाई!"

भावासमोर, बायकोसमोर, वाळूत हात घालून किल्ली शोधावी लागली. मी म्हणालो, "लई माज आलाय तुमाला." ते म्हणाले, "व्हय, आलाय."

मी तडक हायवेवरच्या एका दुकानात गेलो. तिथं एसी होता, गुळगुळीत फरशी होती, मागं कोण बसतंय असं कुणी विचारलं नाही. पुढं उंच स्प्रिंग घातल्या, मागची दांडी आखूड केली. गाडी अशी उठली की वा! दुकानवाल्यानं फोटो काढले. मी गल्लीत येऊन ती त्या माणसाच्या गाडीला खेटून लावली.

आई दारात आली होती. पदरानं हात पुसत तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई उंच झाली की रं," एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात गडहिंग्लजला जायचा दिवस आला तेव्हा आई म्हणाली, पाय दुखतोय. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाली, ऊन लई हाय. मग म्हणाली, शांताच येईल की सणाला. शांतामावशी कशाची येतेय, तिलाही दम लागायचा. दोघी फोनवर बोलायच्या आणि दोघींनाही नीट ऐकू यायचं नाही. मला वाटलं, आईचं वय झालं, आता तिला नको वाटतंय. खरंच असं वाटलं मला! दारात ती गाडी उभी होती, आईचा पाय तिच्यात पोचत नव्हता, आणि मी रोज तिच्यातनं उड्या मारून उतरत होतो. सुनीता आईला आत्या म्हणते. ती एकदा म्हणाली, "अहो, आत्यांना चढता येत न्हाई त्यात." मी म्हणालो, "मी देतो की चढवून."

मग एक दिवस सकाळी मावसभावाचा फोन आला, शांतामावशीला बरं नाही, आईला घेऊन या. आई लगेच तयार झाली. चांगलं लुगडं नेसली. डब्यात सांज्याच्या पोळ्या घेतल्या. गाडीपाशी आली, वरची मूठ धरली, पाय उचलला. पाय उठला, पण पोचला नाही. पुन्हा उचलला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. तिसऱ्यांदा तिचा तोल गेला, म्हणून मी मागनं तिच्या काखेत हात घातले आणि वर उचलायला लागलो.

"सोड!" ती ओरडली. माझी आई कधी ओरडत नाही. "पोत्यागत उचलू नगंस मला! सगळी बघालीत."

ती आत गेली आणि चांगलं लुगडं बदलून बसली.

तुम्ही म्हणाल, भाड्याची गाडी मागवायची. शेजारच्या मास्तरांची छोटी गाडी मागायची. हे सगळं मला सुचलं होतं, न सुचायला काय झालं! पण दारात एवढी मोठी गाडी उभी असताना दुसऱ्याची गाडी मागायची, म्हणजे ज्याच्या नाकावर टिच्चून ही उचलली तो काय म्हणेल? मी म्हणालो, "आई, रविवारी बघू. एखादं स्टूल करून घेतो चढायला." आई म्हणाली, "बघ बाबा."

शांतामावशी शुक्रवारी गेली.

आईला मी त्या दिवशी मास्तरांच्या छोट्या गाडीतनं नेलं. मास्तरांनी एका शब्दानं दिली. आई त्यात सहज बसली, कुणाचा हात धरावा लागला नाही. सगळी वाट ती खिडकीतनं बाहेर बघत होती आणि मांडीवर रिकामा डबा होता. रिकामा डबा कशाला घेतला, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पुढं आठवड्यातच पेंडेची पोती घेऊन जाताना गाडीचा मागचा डावा फुगा फाटला. गाडी एका बाजूला बसली. हायवेवरचा दुकानवाला फोनवर म्हणाला, वॉरंटीत येत नाही. मग टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीमागं दोरीनं बांधून, मी ती बाबालाल मिस्त्रींच्या दारात नेली. दुसरीकडं जायचं कुठं?

मिस्त्री गाडीखाली शिरले आणि खालूनच शिव्या सुरू झाल्या. बाहेर आले तेव्हा हातात ती आखूड दांडी होती. ती त्यांनी माझ्या तोंडासमोर धरली. "खोटं बोलायला शिकवलंस व्हय गाडीला? ह्या फुग्याचा जीव जाऊस्तवर हवा भरलीस! आणि वाटंत पोती हुती म्हणून वाचलास. माणसं असती तर?" पाना पिंपावर दोनदा आपटला. "आता तुझी आई आल्याबिगर मी ह्येला हात लावणार न्हाई. काय करायचं ते कर."

मावशीचं मी त्यांना काही सांगितलं नाही. 

दुसऱ्या दिवशी आईला रिक्षानं घेऊन गेलो. आईला बघितल्यावर मिस्त्री एकदम वेगळेच झाले. टोपी सारखी केली, खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. मग गळ्यातली शिंप्याची टेप काढून तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आक्का, पाय उचला बघू. जमंल तेवढाच. जोर लावायचा न्हाई."

आईनं भिंत धरून पाय उचलला. मिस्त्रींनी जमिनीपासनं तळव्यापर्यंत टेप धरली. आकडा खडूनं फरशीवर लिहिला. मग तिला चार पावलं चालायला लावलं, परत मोजलं. मग खुर्चीवर बसून उठायला लावलं, परत मोजलं. "सगळ्यात कमी भरलं ते खरं माप," ते म्हणाले. माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

मी भीत भीत म्हणालो, "मिस्त्री, शेताच्या वाटेला पोट घासतंय तेवढं..."

"मग फावडं घे आणि वाट सारखी कर! आईचं पाय लांब करणार हाईस व्हय?"

आई तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

चार दिवस गाडी त्यांच्याकडं होती. नवे फुगे घातले, दांडी मूळच्या मापाची लावली, पुढच्या उंच स्प्रिंग काढून एक इंचाच्या घातल्या, मागं तेवढीच चकती. आणि मागच्या दाराखाली स्वतःच्या हातानं एक लोखंडी पायरी जोडली, फरशीवर लिहिलेल्या त्या आकड्याच्या उंचीवर, वर खरखरीत रबर ठोकलेली. मग निरोप आला, आक्काला घेऊन या.

मिस्त्री दार धरून उभे राहिले. आईनं मूठ धरली, पायरीवर पाय ठेवला, दुसरा पाय आत घेतला आणि बसली. कुणी हात लावला नाही. मिस्त्रींना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी वाकून चाकापाशी माप घेतलं, मडगार्डवर रेघ मारली आणि खिडकीत तोंड घालून मोठ्यानं म्हणाले, "बसला न्हवं पाय बरोबर? आता सांगा आक्का, पहिल्यांदा कुठं जायाचं? देवाला का भनीकडं?"

आई म्हणाली, "भनीकडंच जायाचं हुतं, भाऊ. गडहिंग्लजला. पाय पोचला न्हाई गाडीत, म्हणून ऱ्हायलं. गेली ती. आता कुठं जाऊ?"

तिनं ते साधंच सांगितलं, माझी तक्रार म्हणून नव्हे.

मिस्त्री सरळ झाले आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. त्यांनी पाना माझ्या डोक्यात घातला असता तरी मी हललो नसतो. पण त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं गाडीची किल्ली पुसली आणि माझ्या हातात नीट ठेवली, कडक उन्हात तापलेली.

महिन्यानं दाखवून न्यायची होती, मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो? नंतर कुणीतरी सांगितलं, मिस्त्री गेले. म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी, गाडी बाहेर काढताना, आरशात. ते दारात उभे होते, गळ्यातली टेप हातात घेऊन. त्यांच्या समोरच एक गाडी आत शिरायला हॉर्नवर हॉर्न वाजवत होती, आणि मिस्त्री तिला शिवी देत नव्हते.